पाणी बघून ठरेल

आमच्या ऑफिसच्या जिन्याला एकवीस पायऱ्या होत्या आणि ताईंचं निम्मं काम त्या जिन्यावरच उरकायचं. दादर पश्चिमेला, फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आमची छोटीशी टूर कंपनी होती. खालून एखादं कुटुंब वर यायला लागलं की ताई खुर्चीतून उठायच्या आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या. पहिले काही दिवस मला वाटलं, स्वागताला जातात. स्वागत वगैरे काही नव्हतं. त्या बघत असायच्या. कोण दोन-दोन पायऱ्या चढतंय, कोण कठडा धरतंय, आजींना हात कोण देतंय, की सगळे पुढे निघून आलेत आणि आजी एकट्याच मधल्या वळणावर दम घेत उभ्या आहेत. मंडळी टेबलापाशी बसेपर्यंत त्यांना कुठल्या बेटावरच्या कुठल्या किनाऱ्यावर पाठवायचं, हे ताईंच्या मनात जवळजवळ ठरलेलं असायचं.

ताई खिडकीजवळचं अंदमानचं टेबल सांभाळायच्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, ठेंगणी, अंगाने भरलेली, कडक इस्त्रीची सुती साडी. माहीमच्या कोळीवाड्यात राहायच्या. आईने जन्मभर मासळी विकली. ताई माटुंग्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या, घरातल्या पहिल्या. मी घोडपदेवची, तेवीस वर्षांची, पहिलीच नोकरी. साहेबांनी मला ताईंच्या हाताखाली बसवलं आणि सांगितलं, "यांच्याकडून शीक, पण यांच्यासारखा वेळ लावू नकोस."

वेळ मात्र त्या लावायच्या. लोक येताना मोबाइलमध्ये किनारे घेऊनच यायचे. अमक्याला पाच तारे, तमक्याला साडेचार. बसल्या बसल्या विचारायचे, "मॅडम, बेस्ट बीच कुठला?" ताईंचं उत्तर ठरलेलं होतं : "कोणासाठी?" आणि मग प्रश्न सुरू व्हायचे. घरात पाण्याला कोण भितं? उन्हाचा त्रास कुणाला होतो? सकाळी लवकर उठणारं कोण, आणि उठवलं तर दिवसभर चिडचिड करणारं कोण? रेतीत किती चालवेल? बायकांना कपडे बदलायला आडोसा लागेल का? कुणी एकटाच आला असेल तर त्या सरळ सांगायच्या की उद्या सगळ्यांना घेऊन या, आजींना तर नक्की. लोक वैतागायचे. फिरायला जायचंय की पोरीला स्थळ बघताय, असं एका गृहस्थांनी तोंडावर विचारलंही होतं. ताई हसल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. गृहस्थ दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आले.

नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं होतं. मुलीने एक रील दाखवलं : पांढरी रेती, पाण्यावर झुकलेला माड, निळंशार पाणी. तिला तिथंच जायचं होतं. ताईंनी रील चार वेळा बघितलं. मग म्हणाल्या की माडाची सावली एवढी लांब पडलीये म्हणजे सूर्य आत्ताच वर आलाय, सकाळचे सहा-साडेसहा. पाणी पार मुळाशी आलंय म्हणजे भरती पूर्ण भरलेली. तुम्ही ज्या आठवड्यात जाणार त्यात अशी भरती दुपारी येईल, डोक्यावर ऊन असताना. सकाळी गेलात तर तिथं नुसते खडक दिसतील, काळे, धारदार. ती मुलगी हिरमुसली. ताईंनी तिला दोन किलोमीटर पलीकडचा एक किनारा सुचवला, ज्याचं नाव मोबाइलमध्ये धड सापडतही नव्हतं. परत आल्यावर तिने फोटो पाठवले. मी ते बघितले आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की ही बाई जागा विकत नाही. जागा, दिवस, वेळ आणि माणूस, चारही जुळल्याशिवाय तिच्या लेखी किनारा तयारच होत नाही.

हे सगळं ताईंना कळायचं कसं? एक तर रोज सकाळी पावणेदहाला फोन. अंदमानातल्या नील बेटावर शहाळी विकणारी एक बंगाली बाई होती. ताईंचं हिंदी मुंबईचं, तिचं बंगालचं. ऐकणाऱ्याला भांडण चाललंय असंच वाटावं. पण बोलणं असायचं ते असं की कालच्या वाऱ्याने रेती कुठून कुठे गेली, कुठल्या बाजूला खड्डा पडलाय, वाळूतल्या बारीक माश्या चावायला लागल्या की नाहीत. दुसरं म्हणजे ताईंची वर्षाची रजा. दरवर्षी त्या स्वतःच अंदमानला जायच्या आणि तिथं जाऊन काही बघायच्या नाहीत. एक दिवस, एक किनारा. उजाडायच्या आधी जाऊन बसायच्या आणि अंधार पडल्यावर उठायच्या. पूर्ण भरती, पूर्ण ओहोटी, सावली तीन वाजता कुठे जाते, गर्दी कधी येते, कुठून येते, हे सगळं बसून बघायचं. डब्यात भाकरी आणि सुकी चटणी. दुसऱ्या दिवशी दुसरा किनारा. सुट्टीचे आठ दिवस असे. मी विचारलं, कंटाळा नाही येत? त्या म्हणाल्या, "आठच तर दिवस मिळतात, बाय."

बाय म्हणजे पोरगी. माझं नाव घेऊन त्या मला कधी हाक मारायच्या नाहीत.

ऑफिसात एक कुजबूज होती की ताईंच्या घरचं कुणीतरी समुद्रात गेलंय, म्हणून त्या एवढ्या जपतात. भाऊ, असं एक जण सांगायचा. नवरा, असं दुसरा. नवरा तर मी पाहिला होता, संध्याकाळी स्कूटर घेऊन न्यायला यायचा. एकदा जेवताना मी धीर करून विचारलंच. ताईंनी घास खाली ठेवला आणि खूप हसल्या. "आमच्या घरात कुणी बुडलं नाही. आजा नाही, बाप नाही, चुलते नाहीत. एवढी माणसं दर्यावर गेली, एकही बुडला नाही. तुला काय वाटलं, उगाच?" मग सांगितलं की त्यांचा बाप होडी काढायच्या आधी किनाऱ्यावर उभा राहून नुसता बघत बसायचा. बाकीच्या होड्या निघून जायच्या, हा बघतोच आहे. कधी कधी तासाभराने घरी परत यायचा, आज नाही म्हणायचा. त्या दिवशी चुलीवर काही शिजेल याची खात्री नसायची. आई बोलायची. पण तो त्या दिवशी पुन्हा दर्यावर जायचा नाही.

ताईंचं सगळ्यात मोठं काम कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी अँटॉप हिलच्या त्या मुलीचं सांगेन. तिचे वडील सरकारी नोकर, कॉलनीत राहणारे. मुलगी दहा वर्षांची. तिला आवाज सहन व्हायचा नाही. गर्दी, हॉर्न, कुकरची शिट्टी, कशानेही ती कान दाबून किंचाळायची. पाणी मात्र तिला आवडायचं. वडील एकटेच आले होते, कारण फुलबाजारातून तिला आणणं शक्यच नव्हतं. असा किनारा असतो का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि नसेल तर तसं सांगा म्हणाले.

ताई त्या रविवारी त्यांच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. मुलगी मोरीत बादलीपाशी बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. ताई मोरीच्या उंबऱ्याशी खाली बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, मुलीकडे फारसं बघितलंही नाही. तासभर दोघी तशाच. निघताना ताई वडिलांना एवढंच म्हणाल्या की हिला लाट नको, पाणी हवंय. थोडे दिवस द्या.

थोडे दिवस म्हणजे तीन आठवडे लागले. रोज सकाळी नीलला फोन. शेवटी एक जागा मिळाली : गावामागचा एक किनारा, जिथं ओहोटीला पाणी दूर जातं म्हणून टूरवाले फिरकत नाहीत. पण ओहोटीतच तिथं खडकांच्या आत एक रेतीचा खळगा भरलेला राहतो. गुडघाभर पाणी, लाट नाही, आवाज नाही, माणूस नाही. महिन्यातून मोजके दिवस, तेही तीनेक तास. त्या दिवसांवर ताईंनी विमानापासून सगळं बसवलं. महिनाभराने वडील ऑफिसात आले, जिना चढून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "तीन तास बसली. आम्हीच कंटाळलो." आणि वळून खाली गेले. ताईंनी टेबलाचा खण उघडला, काही न काढता परत लावला.

आता माझं सांगते.

लालबागच्या एका महिला मंडळाने अंदमानची सहल ठरवली. सव्वीस बायका, सगळ्यात मोठी एक मालवणी आजी, सत्तरीच्या पुढची. मी टूर मॅनेजर म्हणून पहिल्यांदाच जाणार होते, म्हणून साहेबांनी ताईंनाही बरोबर पाठवलं. चौथ्या दिवशी दुपारी एका प्रसिद्ध किनाऱ्यावर समुद्रस्नान, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं. बायका त्या दिवसासाठी खास कपडे घेऊन आल्या होत्या.

गाडी थांबली. झाडांतून रेतीकडे जायची पायवाट होती, शंभरेक पावलांची. ती संपायच्या आत ताई म्हणाल्या, "आज पाण्यात कुणी उतरायचं नाही."

पाणी उतरतीला लागलं होतं, आदले दोन दिवस वारा होता, आणि तिथं जीवरक्षक नव्हता. हे सगळं ताईंनी सांगितलं. पण समोर ऊन होतं, हिरवं पाणी होतं, आणि दूरवर दहा-बारा माणसं खेळतही होती. मंडळाच्या अध्यक्ष वहिनी चिडल्या. एवढ्या लांब आलोय ते रेतीत बसायला? ताईंनी उलट उत्तर दिलं नाही. उद्या पहाटे तुम्हाला पाण्यात नेते, माझा शब्द, म्हणाल्या. बायका फणकारत शहाळीवाल्याकडे झाडांखाली गेल्या. जाता जाता वहिनी मला म्हणाल्या, तू मॅनेजर ना, मग ह्यांचं कसं काय चालतं?

ते मला लागलं. खरं सांगायचं तर ताईंचाही राग आला. छापलेला कार्यक्रम मोडला तर जबाबदार मी होते. आणि मला पोहता यायचं, दादरच्या तरणतलावात रीतसर शिकले होते. मी पाण्याकडे बघितलं. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या, मध्ये मात्र एक पट्टा अगदी शांत, रस्त्यासारखा. मी ठरवलं की तिथं उतरून दाखवायचं, म्हणजे बायका बघतील, ताईही बघतील. ताई शहाळीवाल्याशी बोलत होत्या. मी गेले.

कमरेपर्यंत गेले आणि पायाखालची रेती सरकली. पुढच्या क्षणी पाय टेकेना. घाबरले नाही, वळले आणि किनाऱ्याकडे हात मारायला लागले. वीस हात मारले, तीस मारले. किनारा जवळ येईना. उलट झाडं लहान दिसायला लागली. मग घाबरले. ओरडले, पण माझाच आवाज मला ऐकू आला नाही. तोंडात पाणी गेलं.

तेव्हा मला ताई दिसल्या. त्या धावत नव्हत्या. रेतीवरून उजवीकडे चालत होत्या, तोंड माझ्याकडे, आणि दोन्ही हात एकाच दिशेला, आडवे, उजवीकडे. मला राग आला हे आजही आठवतं. ही बाई मला बाहेर का बोलवत नाही? लांब कुठे जायला सांगतेय? मी पुन्हा सरळ किनाऱ्याकडे हात मारले. ताई थांबल्या. हात तसेच ठेवून थांबल्या. मी बघेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग माझ्या अंगातलं बळच संपलं आणि मी त्यांचं ऐकलं, ऐकायचं ठरवून नाही, दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. आडवी झाले आणि किनाऱ्याला समांतर, त्या चालतील तशी, हळूहळू सरकत गेले. किती वेळ, सांगता येणार नाही. एकदम लाट फुटल्याचा आवाज झाला, फेस अंगावर आला, आणि त्याच लाटेने मला पुढे ढकललं. गुडघे रेतीला लागले. ताई कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी माझा कुर्ता पाठीमागून धरला आणि ओढलं.

उलटी झाली. ताईंनी पाठीवर हात ठेवला होता. मी शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "लाट फुटत नाही तिथं खोल असतं. आलेलं पाणी तिथनं परत जातं. ते तुला बुडवत नव्हतं, नुसतं बाहेर नेत होतं. बुडवत होतीस ती तू." आवाजात राग नव्हता. साडी पिळत सांगत होत्या.

झाडांखाली पाण्याकडे पाठ करून बसलेल्या बायकांना यातलं काही दिसलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की आम्ही दोघी निथळत परत येतोय. वहिनींनी कमरेवर हात ठेवले. आम्हाला बंदी आणि तुम्ही दोघी मजेत पोहताय? मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, "हो, जरा भिजलो." आणि गाडीकडे चालू लागल्या.

शब्द दिल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांनी सगळ्यांना उठवून गावामागच्या एका साध्या किनाऱ्यावर नेलं. ना पाटी, ना टपरी. भरती लागत होती, पाणी दूरपर्यंत गुडघाभर. बायका मॅक्सी घालूनच पाण्यात बसल्या. त्या मालवणी आजींना दोघींनी धरून बसवलं. जन्म लालबागात गेला, समुद्र एवढा जवळ, पण विसर्जनाच्या गर्दीत लांबून बघण्यापलीकडे त्यांनी तो अनुभवला नव्हता. "पायाखालची रेव जाता गो," त्या सारख्या सांगत होत्या, आणि लहान मुलीसारख्या पाय हलवत होत्या. दोन तास कुणी उठलं नाही.

तरीही वहिनींनी परत आल्यावर लेखी तक्रार केली. प्रसिद्ध किनाऱ्यावर स्नान घडवलं नाही, कर्मचारी मात्र स्वतः पोहले. साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. काच अर्धीच बंद होती. साहेब बोलत होते, की आता लोक मोबाइलवर बघून येतात, तारे बघून येतात, तुमच्या मनाने किती दिवस चालायचं? यापुढे किनारे त्या ताऱ्यांप्रमाणे ठरतील, तुम्ही तिकिटांच्या टेबलावर बसा. मला पाण्यातून ओढून काढलं, एवढं एक वाक्य ताईंनी बोलायला हवं होतं. फक्त एक. त्या "बरं" म्हणाल्या.

बाहेर येऊन त्या आपला डबा, चष्म्याची पेटी, भरती-ओहोटीचं पुस्तक उचलायला लागल्या. मी विचारलं, तुम्ही का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तुझी नोकरी गेली असती. माझी फक्त खिडकी गेली."

मी आठ दिवस गप्प राहिले. हे लिहायला मला आवडत नाही, पण आठ दिवस. घरी माझा पगार लागत होता, असं स्वतःला सांगत होते. नवव्या दिवशी सकाळी पावणेदहा झाले आणि ताईंच्या जुन्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. शहाळीवाली. इकडून फोन येत नाही म्हणून तिनेच केला होता. कुणी उचलेना. ताई तिकिटांच्या टेबलावर मान खाली घालून बसल्या होत्या, उठल्या नाहीत. फोन वाजून थांबला. मी उठले, केबिनमध्ये गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. शांत पट्ट्यापासून कुर्ता ओढण्यापर्यंत.

साहेबांनी तक्रारीचा कागद काढून पुन्हा वाचला. मग ताईंना आत बोलावून खरं का म्हणून विचारलं. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कशाला सांगितलंस?" आणि साहेबांना, "पोरगी पहिल्यांदाच गेली होती."

माझी नोकरी राहिली. वर्षभर टूर मात्र मिळाली नाही. ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं, एवढंच काम. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात चांगली शिक्षा. ताईंना खिडकी परत मिळाली. आणि पुढच्या हंगामात कार्यक्रमपत्रिका छापून आली त्यात चौथ्या दिवसापुढे किनाऱ्याचं नाव नव्हतं. लिहिलं होतं : समुद्रकिनारा त्या दिवशी पाणी बघून ठरेल. लोक तक्रार करतील असं साहेबांना वाटत होतं. काहींनी केली. काही मात्र ती ओळ वाचूनच आमच्याकडे येऊ लागले.

ताई निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. अंदमानचं टेबल मी सांभाळते. मी बरंच शिकले, असं मला वाटायचं. गेल्या डिसेंबरात चौदा माणसं घेऊन एका किनाऱ्यावर गेले होते. त्यांत दोन लहान मुलं होती. पाणी मला उमजेना. लाटा सरळ येत होत्या, पण काहीतरी बरं वाटत नव्हतं, आणि काय ते सांगता येत नव्हतं. ताईंनी पायवाटेवरच सांगितलं असतं. मी अर्धा तास उभी होते. माणसं मागे चुळबुळ करत होती. शेवटी मी माहीमला फोन लावला.

ताई कोळंबी सोलत होत्या. मी सगळं वर्णन केलं. वारा, भरती, रेतीचा उतार. मग फोन पाण्याकडे धरला. मला खरंच वाटत होतं की त्या नुसतं ऐकून सांगतील. त्यांच्याबद्दल मला तेवढं वाटायचं, आजही वाटतं. लाटा येत राहिल्या. पलीकडे कोळंबी सोलायचा आवाज थांबला होता.

मी फोन कानाला लावला. "ताई, उतरवू का?"

"मला इथनं काय कळणार? दर्या ऐकून बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "आता फोन ठेव, बाय. पाण्याकडे बघ."